चिमट्याला भोक नको

परवाच्या पावसात बाबांची सायकल बाहेर काढली. उतारावर दोन्ही ब्रेक आवळले तरी ती थांबेना. ओल्या रिमवर रबर घासल्याचा वास तेवढा आला. त्या वासाबरोबर बाबांची उजवी चप्पल आठवली. मेहकरहून जानेफळला भिजत येताना ते पाय रस्त्याला घासून सायकल आवरत. उजवी टाच नेहमी आधी झिजायची.

तिचे रॉडचे ब्रेक रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या अंगाला गुटके दाबतात. लोखंडी रिम भिजली की पकड गेलीच. वायर ब्रेक बसवायचं म्हटलं, तर मिस्तरी म्हणाले, "भाऊ, चिमट्याले भोक पाडा लागीन." चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फाटा. शिवाय या रिमच्या कडा गोलसर, त्यावर बाजूने आवळणारे गुटके टेकत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची आजची 622 मिलिमीटरची रिम घालावी, तर जुनी 635 ची; कड साडेसहा मिलिमीटर खाली जाते आणि ब्रेकचे हात तिथवर पोचायला हवेत.

अर्नेस्ट बाउडन यांनी वायरचं पेटंट घेतलं 1896 मध्ये. म्हणजे ज्याला आपण नवा ब्रेक म्हणतो, त्याची वायर बाबांच्या सायकलीपेक्षा कितीतरी जुनी.

हॉटेलांच्या भिंतीवर रंगवून टांगलेल्या सायकली पाहिल्या की मला संताप येतो. सायकल चालली पाहिजे, आणि चालायची तर थांबलीही पाहिजे. पण भोक नको. शेवटी पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब घ्यायचं ठरलं. आऱ्यांच्या भोकांची संख्या जुळली की रिम तीच राहते, ड्रम आत झाकलेला म्हणून सहसा भिजत नाही, आणि त्याचा हात चिमट्याला पट्टीने आवळता येतो. आजचा हब 100 मिलिमीटर रुंद, म्हणून चिमटा किंचित फाकवावा लागेल. फाकवलेला चिमटा पुन्हा दाबता येतो. पाडलेलं भोक तसंच राहतं.

मागचे रॉड काढू नको, असं आई म्हणाली. त्यांचा खडखडाट गल्लीत ऐकू आला की ती तव्यावर भाकरी टाकायची. मग सहज बोलून गेली, की तिलाही सायकल शिकायची होती. पण नऊवारीत दांडीवरून पाय टाकणार कसा, आणि सासऱ्यांना विचारणार कोण? हे तिने आजवर सांगितलं नव्हतं. माझी लेक शेजारीच बसून ऐकत होती. आता ती सायकल तिलाच हवी आहे. मिस्तरींना निरोप धाडलाय: सीट खाली घ्या, आणि पुढच्या ब्रेकचं लिव्हर लहान हाताला पुरेल असं बसवा.