भाईंदरहून पॅगोड्याकडे : एका जुन्या गाडीचा प्रवास

भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या माणसाचा रविवार लोकलनेच उजाडतो आणि लोकलनेच मावळतो. बहिणीकडे जायचे, लोकल. लग्नाला जायचे, लोकल. त्यामुळे मुलीच्या बाबांनी या दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून जुनी मोटारसायकल घ्यायचे ठरवले, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला आणि धाकधूकही झाली. गाडी २०१५ सालची, शंभर सी.सी.ची स्प्लेंडर. रंग काळा, टाकीवर एक पोचा, सीटला चिकटपट्टी. पण इंजिनचा आवाज घड्याळासारखा, असे गॅरेजवाले भाऊ म्हणाले.

जुनी गाडी घेताना नवीन माणूस रंग बघतो, जाणता माणूस कागद बघतो. आम्हीही कागद बघायला शिकलो. आर.सी.बुकावरचा चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहिला. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, दंडाची चलने थकलेली नाहीत ना, हे तपासले. विकणाऱ्याकडून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या घेतल्या. गाडी नावावर होण्याआधी पुढचे काही घडले, तर गुंता जुन्या मालकाचाही होतो आणि आपलाही, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. विम्यावरही आपले नाव चढवून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे आहे, तीही बसवली. एवढे झाल्यावरच आम्ही पहिला पेढा वाटला.

पहिला बेत ठरला गोराईच्या पॅगोड्याचा. पूर्वी आम्ही बोरिवलीवरून गोराई खाडीची होडी धरून गेलो होतो. होडीत चढता-उतरता सासूबाईंचे गुडघे बोलू लागले, तेव्हापासून तो बेत मागे पडला होता. भाईंदरवरून मात्र जमिनीचा रस्ता आहे. रेल्वे ओलांडून पश्चिमेला यायचे, मग मुर्धा, राई, मोर्वा ही गावे, पुढे डोंगरी, उत्तन आणि तिथून गोराई. सारे मिळून वीस किलोमीटरच्या आतबाहेर. आधी आपण दोघे जाऊन रस्ता बघून येऊ, मग आईंना नेऊ, असे ठरले.

त्या पहिल्या रविवारी मुर्ध्याजवळच आमचा प्रवास संपला. आम्ही मागे बसलो होतो. मांडीवर डब्याची पिशवी, खांद्यावर पर्स. जुन्या मालकाने शोभेसाठी डाव्या बाजूचा साडीगार्ड काढून टाकला होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. वारा आला, पिशवी सावरताना पदर सुटला आणि चाकाकडे गेला. "अहो, थांबा! थांबा!" आम्ही ओरडलो. गाडी चालतच राहिली. पुन्हा ओरडलो, तरी तीच गत. शेवटी समोरून सायकलवर येणाऱ्या एका काकांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा ब्रेक लागला. पदराचा काठ चेनच्या कव्हरला चाटून काळा झाला होता. वेग कमी होता म्हणून निभावले.

"अगं, हाक तरी मारायचीस," मुलीचे बाबा म्हणाले.

आम्हाला रडू आले. परतताना एक शब्दही बोललो नाही.

घरी आल्यावर मुलीने सगळे ऐकून घेतले आणि वहीचे पान फाडून यादी केली. एक, साडीगार्ड. दोन, हातात काहीही धरायचे नाही, सगळे सामान गाडीला. तीन, एकमेकांशी बोलायची सोय. ती म्हणाली, "आई, हेल्मेटमध्ये बसवायचे बोलके यंत्र मिळते. इंटरकॉम म्हणतात. पुढच्या आणि मागच्या माणसाला फोनसारखे बोलता येते." त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. जोडीची किंमत महिन्याच्या किराणाइतकी. मुलगी म्हणाली, "माझ्या शिकवणीच्या पैशातून अर्धे."

सामानाचे काम आधी झाले. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायची दांडी, पाय ठेवायचे पायटे आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे. शोभेसाठी काढायची ही वस्तूच नव्हे. गॅरेजवाल्या भाऊंनी साडीगार्ड परत बसवला. मग वेल्डिंगवाल्याकडून डाव्या बाजूला लोखंडी सळईचा स्टे करून घेतला, म्हणजे पिशवी चाकात जाणार नाही. उजव्या बाजूला सायलेन्सर असतो. तिकडची पिशवी तापून जळते, म्हणून तिकडे लहान पिशवी आणि तीही उंच. सीटच्या मागे कॅरियर आणि त्यावर छोटी पेटी. २०२० च्या नियमदुरुस्तीप्रमाणे अशी पेटी ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच यापेक्षा मोठी नसावी. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली, तर दुसऱ्या माणसाला बसता येत नाही. ती त्या जागेच्या मागे आणि वजनाच्या मर्यादेत असेल, तरच दोघे बसू शकतात.

भाऊंनी आम्हाला सामान लावायलाही शिकवले. "वहिनी, जड वस्तू खाली आणि पुढे, हलकी वर आणि मागे. मागच्या पेटीत जड भरले की हॅन्डल हलके होते आणि गाडी डुलते." पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारे खालच्या पिशव्यांत दोन्हीकडे सारख्या वजनाने गेली. रेनकोट, कापूस, पट्टी, जंतुनाशक वरच्या पेटीत. दोघे आणि सामान म्हटल्यावर मागच्या चाकात पुस्तिकेत दोघांसाठी दिलेली हवा भरली आणि मागचे शॉकअप एक खाच घट्ट केले. मागचा दिवा आणि नंबर पाटी पिशवीआड जात नाही ना, हे दोन पावले मागे जाऊन पाहिले. पट्ट्यांची लोंबणारी टोके दुमडून शिवून टाकली.

पेटीत सर्वांत आधी गेला तो स्टीलचा डबा. मुलीचे बाबा भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षे आहेत. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, धाडकन दाब बसतो, वाटी होते. पुन्हा पत्रा, पुन्हा धाडकन. हे गाव स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. आपल्या घरातल्या ताटवाट्यांपैकी एखादी इथे घडलेली असेल.

मग इंटरकॉमची पाळी आली. आम्ही आय.एस.आय. खुणेची दोन हेल्मेटे आधीच घेतली होती. २०२१ पासून देशात त्या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते. मुलीने हेल्मेटच्या आतले कापडी अस्तर काढले. कानाच्या जागी खळगे होते, त्यांत चपटे स्पीकर चिकटवले, तोंडासमोर माईक आणला, वायर अस्तराखाली दाबली. आतला थर्माकोल मात्र तिने कापला नाही की कोरला नाही. डोके आपटले तर तो थर चेपून मार सोसतो, त्याला भोक पाडले तर हेल्मेटचा अर्थच गेला. यंत्र घरच्या चार्जरवर भारते, म्हणून गाडीच्या बॅटरीला हात लावावा लागला नाही.

चाळीच्या गल्लीत चाचणी झाली. आम्ही म्हणालो, "ऐकू येतेय का?"

"उजवीकडून येतेय. डावीकडचा स्पीकर बंद आहे."

मुलीने वायर तपासली. काढून पुन्हा लावली. तरी बंदच. तिने स्पीकर बदलले, डावीकडचा उजवीकडे लावला. "आता?"

"उजवीकडूनच येतेय. डावा बंदच."

दुकानदाराने फसवले असे वाटून आम्ही चिडलो. बदलून आणायला निघणार, तेवढ्यात मुलीने ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातले. काही क्षण ऐकले. मग हळूच काढले आणि म्हणाली, "बाबा, दोन्ही स्पीकर चालू आहेत."

गल्लीत कोणी काही बोलले नाही. बावीस वर्षे प्रेस त्यांच्या डाव्या हाताला होता.

त्या रात्री आम्हाला एकेक गोष्ट आठवत गेली. टी.व्ही.चा आवाज मोठा असतो म्हणून आम्ही भांडत होतो. जेवताना ते नेहमी आम्हाला उजवीकडे बसवत. मुलीची हाक ऐकूनही उत्तर देत नाहीत म्हणून ती रुसत होती. आणि मुर्ध्याला आम्ही डाव्या कानाशीच ओरडलो होतो. त्यांना हे ठाऊक होते का? होते. "सांगून काय करणार? मशीनवरून काढले तर?" एवढेच ते म्हणाले.

कान तपासून घेतले. दोन्ही कमी झाले आहेत, डावा जास्त. डॉक्टरांनी समजावले की मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी बारीक आवाज जातात. म्हणून पुरुषाचे बोलणे कळते आणि बायकांचे, मुलांचे बोलणे निसटते. गेलेले परत येत नाही, पण उरलेले राखता येते. आता ते कामावर कानात बुच्चे आणि वरून कानटोप्या घालतात. वाचक भगिनींनो, ज्यांच्या घरातला माणूस प्रेस, माग, ग्राइंडर किंवा जनरेटरजवळ काम करतो, त्यांनी एकदा त्याचे कान तपासून घ्यावेत. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामामुळे होणारा आजार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने त्याची नोंद सरकारला कळवायच्या आजारांत केली होती. राज्य विम्याचे कार्ड असेल, तर विमा दवाखान्यात दाखवून कागद करून ठेवावा. लपवून नोकरी वाचते असे वाटते, पण कान जातो.

यंत्राचे काय केले? ठेवले. आवाज मध्यम ठेवला, कारण मोठा आवाज उरलेला कानही खाईल आणि मागच्या गाडीचा हॉर्न बुजवेल. गाडी चालताना फोन नाही, गाणी नाहीत. शब्द ठरवून घेतले : थांबा, हळू, डावीकडे, पिशवी. आणि यंत्र बंद पडले तर? उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. यंत्राला पैसे लागले, थापेला लागले नाहीत. आम्ही दोन्ही पाठ केले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला पुन्हा निघालो. या वेळी हात मोकळे होते, पदर खोचलेला होता. मुर्धा आले तेव्हा आम्ही मुद्दाम विचारले, "ऐकू येतेय का?" "येतेय," उत्तर आले, अगदी कानाशी. गावे मागे पडली आणि मिठागरांचा उघडा मुलूख लागला. पाण्याचे चौकोन, कडेला मिठाचे पांढरे ढीग, त्यात उभे बगळे. भाईंदरच्या इतक्या जवळ इतके आभाळ आहे, हे आम्हाला एवढ्या वर्षांत कळले नव्हते. डोंगरीला जुने चर्च आहे, उत्तनला कोळीवाडा. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते. मासळीच्या वासाने दोघेही एकदम हसलो आणि ते हसणे हेल्मेटमध्ये दुप्पट वाजले.

उत्तनपुढे झाडी दाटते आणि मग एका वळणावर तो सोनेरी कळस दिसतो. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला हा पॅगोडा म्यानमारमधल्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उंची सुमारे ३२५ फूट. आत आठ हजार साधक एकत्र बसू शकतील असा घुमट आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. दगडात दगड अडकवून सारा भार पेललेला आहे. घुमटात विपश्यनेचे शिबिर केलेल्यांनाच बसता येते. बाकीच्यांनी काचेआडून पाहायचे.

आम्ही काचेपाशी उभे राहिलो. आत बोलायची कुणालाच गरज नव्हती. तिथे कोणाचा कान चांगला, कोणाचा वाईट, असा फरक उरत नाही. मुलीचे बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग बाहेर सावलीत बसून डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, मिरचीचा ठेचा. डब्याच्या बुडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा आपल्या कारखान्याचा."

परत येऊन गाडी गोड्या पाण्याने धुतली, चेनला तेल घातले, स्टेचे नट आवळले. खाडीच्या खारट हवेत लोखंड लवकर गंजते. पुढच्या रविवारी सासूबाईंची पाळी आहे. त्यांनी आतापासून एकच तक्रार लावली आहे, "मला हेल्मेटमध्ये बोलायचे कसे ते शिकवा. बावीस वर्षांत त्याने माझे काही ऐकलेले नाही."