इंजिनाशी खोटं बोलणं

पूर्वी ट्रकची ताकद वाढवायची म्हणजे मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू पिळायचा. डिझेल जास्त जायचं, गाडी ओढायची आणि मागे काळा धूर. सगळा मामला उघड्यावर! आता तो स्क्रू गेला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. डिझेल किती आणि केव्हा सोडायचं हे तोच ठरवतो. त्यामुळे हल्ली पहिला प्रश्न असतो, हा कॉम्प्युटर बसवलाय कुठे?

हाच प्रश्न घेऊन माझा भाचा आला. वाळूजहून चाकणला माल नेतो. ट्रक टाटाचा, कमिन्स इंजिनवाला, बीएस-४, सेकंड हॅन्ड. नगरच्या अलीकडे इमामपूरचा घाट चढताना गाडीचा जीव जातो म्हणे. "मामा, चिप बसवली की पॉवर वाढते. तुम्ही फक्त कॉम्प्युटर शोधून द्या." मी वाळूजच्या कंपन्यांत मेंटेनन्समध्ये जन्म काढलेला, तेव्हा नाही म्हणण्याची सोयच नव्हती.

केबिन पुढे झुकवली आणि तो सापडला. लपवलेला वगैरे नसतो हो! कारमध्ये तो बहुधा बॉनेटखाली नाहीतर डॅशबोर्डच्या आत असतो. या इंजिनात मात्र डिझेल पंपाच्या बाजूला, ब्लॉकलाच बोल्ट केलेली चपटी पेटी. वायरिंगचा जाड गठ्ठा जिथे शिरतो तिथे पाहायचं, बस्स.

गंमत पुढे आहे. चिप हे नाव जुन्या काळचं, जेव्हा खरोखरच कॉम्प्युटरमधली चिप काढून दुसरी बसवायचे. भाच्याला दाखवलेली डबी त्या पेटीला हातसुद्धा लावत नाही. ती बसते कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार दाब असतो. या रेलमध्ये हजार बारच्याही वर. डबी कॉम्प्युटरला सांगते, दाब कमी पडतोय रे. तो बिचारा विश्वास ठेवतो आणि दाब वाढवतो. डिझेल जास्त जातं, गाडी पळते. म्हणजे इंजिन ताकदवान झालं नाही, त्याच्याशी कुणीतरी खोटं बोललं!

आणि कंपनीने ती ताकद विसरून थोडीच सोडलेली असते? मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर, गाडीत पूर्ण लोड, रेडिएटर अर्धा धुळीने बुजलेला, अशा दिवसासाठी ती शिल्लक ठेवलेली असते. घरात आई डब्याच्या तळाशी पैसे ठेवायची ना, तसंच. डबी नेमकी त्या पैशांना हात घालते. मग टर्बो, पिस्टन, क्लच, कुठे ना कुठे वसुली होतेच.

कायद्याचं वेगळंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

ज्या फोक्सवॅगन गटाचा आपल्या शेंद्र्यात कारखाना आहे, त्यांचं २०१५ चं प्रकरण आठवतं का? तिथे कॉम्प्युटरलाच खोटं बोलायला शिकवलं होतं. धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तो तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागायचा. पुण्याच्या एआरएआयच्या चाचण्यांनंतर भारतातही ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तिथे कॉम्प्युटर जगाशी खोटं बोलला, इथे आपण कॉम्प्युटरशी. धूर दोन्हीकडे लोकांच्याच नाकात.

हे सगळं ऐकून भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, पटतं. पण महिन्याला एक खेप वाढली तर हप्ता सुटतो. त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, टर्बोच्या पाइपचे क्लॅम्प आवळले. फरक पडला, पण डबीवाला सांगतो तेवढा नाही. माल थोडा कमी भर, असं मी म्हटलं खरं. पण माल किती भरायचा हे ट्रकवाला कुठे ठरवतो? ते ठरवतो भाडं देणारा.

डबी अजून घेतलेली नाही. घेऊ नये असं मला वाटतं. पण हप्ता तो भरतो, मी नाही.