दोन भाषा आणि एक 'काय'

ग्रीक आणि क्रोएशियन या भाषा शेजारी ठेवून पाहाव्यात असे कारण वरवर दिसत नाही. लिपी वेगळी, शाखा वेगळी. एकीच्या मागे होमरपासूनचे वाङ्मय, तर दुसरीचा मागोवा बाश्का येथील शिलालेखापासून घेतला तरी तो जेमतेम नऊशे वर्षे मागे जातो. ग्रीकचा नाद आम्हांस शोकांतिकांमुळे लागला. क्रोएशियन व्याकरण मात्र जुन्या पुस्तकांच्या ढिगात योगायोगाने हाती आले, आणि ते स्वस्त होते, एवढेच ते घेण्याचे कारण.

वाचू लागल्यावर पहिली गंमत संबोधनाची. अलेक्सांदर नावाच्या माणसाला हाक मारायची तर झाग्रेबातही 'अलेक्सान्द्रे' आणि अथेन्समध्येही जवळपास तेच. 'रामा', 'गोविंदा' म्हणून हाका मारणाऱ्या आम्हांस त्यात घरच्यासारखे वाटले. भविष्यकाळाचेही तसेच. ग्रीक 'था ग्राप्सो' आणि क्रोएशियन 'पिसात चू', दोन्हींचा अर्थ 'मी लिहीन'. आणि 'था' काय, 'चू' काय, दोन्ही 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदांची झिजलेली रूपे आहेत. वेगळेपण आहे ते पुढे. 'मला लिहावयाचे आहे' हे सांगताना ग्रीक माणूस 'मी इच्छितो की मी लिहावे' अशी रचना करतो, कारण त्याच्या भाषेतून भाववाचक धातुरूप केव्हाच गेले. सर्बियनलाही हीच रचना प्रिय आहे. झाग्रेबची प्रमाणभाषा मात्र मूळ धातुरूप जपते. आणि 'सर्बियन' वळणाचे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही तेथे दुरुस्त होऊन परत येते.

वही दुरुस्त करणे हा आमचाही व्यवसाय असल्यामुळे येथे आम्ही थबकलो.

ग्रीकांचे भांडण स्वतःच्या आजोबांशी होते. स्वातंत्र्यानंतरच्या नव्या राज्याला तुर्की अमदानीत मिसळलेली बोली ओशाळवाणी वाटली, म्हणून 'काथारेवुसा', म्हणजे 'शुद्ध करणारी', अशी भाषा घडवण्यात आली. त्यामुळे लोक घरात 'प्सोमी' खात, पण ती भाकरी ज्या दुकानातून आणीत त्याच्या पाटीवर 'आर्तोस' या प्राचीन शब्दावरून बनवलेले नाव असे. हा विनोदाचा विषय राहिला नाही. १९०१ साली अलेक्झांद्रोस पाल्लिस यांनी केलेले शुभवर्तमानाचे बोलभाषेतील भाषांतर वृत्तपत्रात येऊ लागले, तेव्हा अथेन्समध्ये दंगल उसळली आणि आठ माणसे मेली. जर्मन ताब्याच्या काळात, १९४१-४२च्या दुष्काळी हिवाळ्यात शहरात माणसे भुकेने मरत असताना, योआनिस काक्रिदिस या प्राध्यापकावर विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई चालवली. जुनी स्वरचिन्हे गाळून बोलभाषेत पुस्तिका छापली, हा त्यांचा गुन्हा. लष्करी राजवट कोसळल्यावर १९७६ साली बोलभाषा शिक्षणाची भाषा झाली आणि १९८२ साली ती चिन्हेही सरकारी आदेशाने गेली. ज्यावरून एका प्राध्यापकाला शिक्षा झाली होती, तेच चाळीस वर्षांनी नियम बनले.

क्रोएशियनचे भांडण शेजाऱ्याशी. १९५४च्या नोवी साद करारात सर्ब आणि क्रोएट यांची भाषा एकच ठरवली गेली. १९६७ साली क्रोएट लेखक-विद्वानांनी आपल्या भाषेच्या नावाची व दर्जाची मागणी करणारे जाहीर निवेदन काढले. १९७१चा नवा शुद्धलेखन-ग्रंथ बंदीत सापडला आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापला गेला. स्वातंत्र्यानंतर तर वेगळेपणाचे शब्द हुडकण्यात बराच उत्साह खर्ची पडला. गमतीची गोष्ट अशी की, या चाळणीतून बाजूला पडलेले कितीतरी शब्द मुळात ग्रीक आहेत. संगीताला 'मुझिका' नको, 'ग्लाझबा' हवे. विमानतळाला 'एरोद्रोम' नको, 'झ्राच्ना लुका' म्हणजे हवेतले बंदर हवे. भूगोलाला 'गेओग्राफिया'पेक्षा 'झेम्ल्योपिस' बरे. हजाराला सर्ब 'हिल्यादा' म्हणतात, ते ग्रीकमधून आलेले. म्हणून क्रोएटांचा आग्रह 'तिसुचा'चा.

आता आमचा 'हजार' घ्या. तो फारसी म्हणून त्यास हाकलून 'सहस्र' आणावे, असे आपल्याकडील शुद्धिवादी म्हणतील. राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या 'दिनांक', 'महापौर'पर्यंत ती परंपरा चालत आली आहे, आणि तिने आम्हांस चांगले शब्दही दिले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण फारसी 'हजार' आणि संस्कृत 'सहस्र' ही एकाच प्राचीन शब्दाची रूपे आहेत, आणि ग्रीक 'हील्या' हे त्यांचेच दूरचे भावंड. म्हणजे झाग्रेबने दाराबाहेर ठेवलेला शब्द हा आमच्या 'सहस्रा'चा नातलग निघाला.

याहून आम्हांस जे लागले ते पुढेच आहे. क्रोएशियनच्या तीन बोली 'काय' या प्रश्नार्थक शब्दावरून ओळखल्या जातात: कुणी 'श्तो' म्हणते, कुणी 'चा', आणि झाग्रेबच्या परिसरात 'काय'. होय, उच्चारही तोच, अर्थही तोच. प्रश्नार्थक 'क'चे मूळ स्लाव्ह आणि भारतीय या दोन्ही शाखांत एकच. एकोणिसाव्या शतकात सर्व दक्षिण स्लाव्हांना जोडण्यासाठी 'श्तो'ची बोली प्रमाण ठरवणाऱ्यांत ल्युदेवित गाय अग्रभागी होते, आणि ते स्वतः 'काय'वाल्या मुलखातील क्रापिना गावचे. आपल्या घरातील प्रश्न त्यांनी बाहेर ठेवला. पुढे १९३६ साली मिरोस्लाव क्र्लेझा या मोठ्या लेखकाने आपल्या 'बालादे पेत्रिचे केरेम्पुहा' या काव्यसंग्रहासाठी तीच बोली मुद्दाम निवडली.

हे वाचले त्या रात्री आम्हांस एक उत्तरपत्रिका आठवली. वऱ्हाडाकडील एका विद्यार्थिनीने शोकांतिकेवरील उत्तरात 'काहून' असे लिहिले होते. वाक्य असे होते की, राजा सारखा विचारतो, हे माझ्याच वाट्याला काहून? आम्ही तो शब्द लाल शाईने खोडून वर 'का' लिहिले, आणि समासात 'प्रमाणभाषा' अशी सूचना दिली. त्यानंतरच्या तिच्या उत्तरांत एकही शब्द चुकीचा नव्हता. एकही वाक्य लक्षात राहण्याजोगेही नव्हते. ते आमच्या ध्यानात यावयास क्रोएशियन व्याकरण वाचावे लागले, आणि तोवर ती पदवी घेऊन निघून गेली होती.

यंदा एका उत्तरपत्रिकेत पुन्हा 'काहून' आला. आम्ही तो खोडला नाही. अर्धा गुण मात्र कापला. तपासणीचे नियम तसे आहेत, आणि ते मोडण्याइतके धाडस आमच्या अंगी नाही.