भिडलेले हात

विंग चुन या चिनी युद्धकलेतला पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा पहिला क्रम, आहे सिउ निम ताऊ. तो सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पाय जागचे हलत नाहीत. चवडे आत वळवलेले, गुडघे किंचित वाकवून एकमेकांकडे ओढलेले, पाठ सरळ. हलतात ते फक्त हात, आणि पहिल्या भागात तेही अगदी सावकाश. तळहात वर ठेवून एक हात छातीच्या मधोमध पुढे सरकतो. मनगट गोल फिरतं. पंजा उभा होतो आणि हात छातीकडे परत येतो. मग मनगट वाकवून तोच हात पुन्हा पुढे निघतो. या सगळ्यात कोपर बाहेर जाऊ द्यायचं नाही, ते शरीराच्या मधल्या रेषेकडे ओढून धरायचं. मुरलेली माणसं एवढ्याशा तुकड्यालाही भरपूर वेळ देतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतो, यात लढाई कुठे आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला समोर दुसरा माणूस लागतो. हाँगकाँगमध्ये राहून या विद्येकडून मी जे शिकते आहे, ते याच एका गोष्टीभोवती फिरतं. फॉर्म एकट्याने जपता येतो, पण तो जिवंत आहे की नाही, हे दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय कळत नाही.

आमचा वर्ग शाम शुई पोमधल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरतो. खालच्या गल्ल्यांत कापडाची, बटणांची, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकानं आहेत. वर्गात एक निवृत्त बसचालक आहेत, एक नर्स आहे, बँकेत काम करणारे दोघं आहेत, कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे. मी मूळची सांगलीची, इथे जहाजांच्या विम्याचं काम करते. शिक्षकांना सगळे सिफू म्हणतात. ज्याने आधी प्रवेश घेतला तो थोरला, मागून आलेला धाकटा. वय किंवा हुद्दा त्यात येत नाही. म्हणून ती कॉलेजातली मुलगी माझी सिजे, म्हणजे थोरली बहीण. तिला मी नावाने हाक मारत नाही, आणि ती माझं कोपर दुरुस्त करते तेव्हा मी मुकाट ऐकते.

माझी कँटोनीज बाजारहाटापुरती आहे. वर्गात त्याने फार अडत नाही, कारण इथली बरीचशी शिकवण हातातूनच होते. खांदा वर चढला की सिफू त्यावर तळहात ठेवतात आणि तो उतरेपर्यंत काढत नाहीत. परक्या शहरात अनोळखी माणसं एकमेकांना सहसा स्पर्श करत नाहीत. गर्दीच्या मेट्रोतही प्रत्येक जण अंग चोरून उभा असतो. या खोलीत मात्र पहिल्याच संध्याकाळी तुमचा हात दुसऱ्याच्या हाताला टेकतो, आणि त्या शहराशी तुमची ओळख तिथून सुरू होते.

या गल्ल्यांशी विंग चुनचं नातं जुनं आहे. आज चामड्याच्या वस्तूंची दुकानं आणि कॉफी हाउस यांसाठी ओळखला जाणारा ताई नान स्ट्रीट इथून जवळच आहे. तिथे उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत 1950 मध्ये इप मॅन यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यांचा जन्म 1893 चा, फोशानच्या खात्यापित्या घरातला. लहानपणी ते चान वा शुन यांच्याकडे शिकले, आणि चान हे फोशानचे वैद्य लेउंग जान यांचे शिष्य. चीनमध्ये सत्ताबदल झाला तेव्हा घरदार मागे टाकून इप मॅन हाँगकाँगला आले. वय पन्नाशीच्या पुढे, हातात पैसा नाही. 1951 मध्ये सीमा बंद झाली. फोशानला राहिलेल्या त्यांच्या पत्नी 1960 मध्ये वारल्या; दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

चित्रपटांमधला इप मॅन मी नंतर पाहिला. माझ्या मनात घर केलं आहे ते या उतारवयातल्या निर्वासित शिक्षकाने. समोरचे विद्यार्थी म्हणजे दिवसभर ताटं उचलणारे, भट्टीपुढे उभे राहणारे कामगार. त्यांतले सुरुवातीचे शिष्य लेउंग शेउंग आधी दुसऱ्या शैली शिकलेले होते. अशा माणसांना नुसता फॉर्म दाखवून भागण्यासारखं नव्हतं. पंचतत्त्वं, अष्टचिन्हं अशी जी जुनी जड परिभाषा शिकवण्यात असे, ती इप मॅन यांनी बाजूला ठेवली असं त्यांच्या परंपरेत सांगतात. कामाचं काय, ते हातावर दाखवायचं, ही त्यांची रीत झाली.

लाकडी माणसाचीही तीच गोष्ट. मुक यान जोंग म्हणजे तीन हात आणि एक पाय बसवलेला लाकडी ओंडका. फोशानमध्ये तो जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या वरच्या मजल्यावर पुरणार कुठे? म्हणून 1950 च्या दशकात तो दोन आडव्या लाकडी पट्ट्यांवर टांगायची पद्धत आली. पट्ट्यांमुळे ओंडका थोडा मागे जातो आणि परत येतो, त्यामुळे मारलेल्या जोराचं उत्तर लगेच हातात उमटतं. आपल्या मल्लखांबाची इथे हटकून आठवण होते. पैलवानाच्या अंगमेहनतीसाठी पुरलेला तो खांब आपण अंगाने वेढतो, त्याच्यावर चढतो. इथला खांब वेढायचा नाही, त्याच्या भोवतीने चालायचं आणि त्याच्या हातांमधून आपली वाट काढायची. त्यावर करायच्या 116 हालचाली इप मॅन यांनी बसवलेल्या क्रमाने आजही शिकवल्या जातात. हात चुकीच्या कोनात गेला की लाकूड लगेच सांगतं. दंडावर उठलेला वळ दुसऱ्या दिवशी ऑफिसात संगणकासमोर बसल्यावरही जाणवतो.

हातांचे फॉर्म तीन. सिउ निम ताऊमध्ये उभं राहणं आणि हातांच्या जागा. चुम किउमध्ये कमरेतून वळणं, पाऊल टाकणं, कमरेखालच्या लाथा. बिउ जी हा तिसरा, बोटांच्या फेकीचा आणि कोपरांचा. सगळं बिघडलं, मधली रेषा हातून गेली, तर सावरायचं कसं ते त्यात आहे. पूर्वी तो विश्वासातल्या शिष्यांनाच शिकवत. त्यानंतर लांब काठी आणि जोडसुऱ्या येतात. मोजून पाहिलं तर इतर चिनी शैलींच्या मानाने हा पसारा फार लहान आहे. एवढ्याशा सामग्रीवर लोक आयुष्य काढतात, त्याचं कारण फॉर्म संपल्यानंतरच्या तासात दडलेलं आहे.

त्या तासाला ची साऊ म्हणतात. दोघं समोरासमोर उभे राहतात, चारही हात एकमेकांना टेकवतात आणि ते एका लयीत फिरवत राहतात. माझा एक हात तळवा वर करून पुढे येतो, तो खाली जाताना कोपर वर उचललं जातं. दुसरा हात समोरच्याच्या हातावर वरून टेकलेला असतो. बघायला हे शांत दिसतं. पण या फिरण्यात दोघंही एकमेकांची फट शोधत असतात. समोरच्याने जोर लावला तर तो मनगटाजवळ लगेच कळतो. त्याला जोराने अडवायचं नाही. येणाऱ्या जोराला जागा द्यायची, मागे सरणाऱ्या हाताबरोबर पुढे जायचं, आणि अडवणारा हात नाहीसा झाला की सरळ ठोसा. हे डोळ्यांनी जमत नाही, कारण एवढ्या जवळून डोळा मागे पडतो.

फॉर्ममधल्या त्या संथ हातांचा अर्थ इथे उलगडतो. समजा, कुणी बाजूने फिरवून ठोसा मारला. तान साऊचा तळवा वर केलेला हात त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला शिरतो, त्याच क्षणी पाऊल पुढे पडतं आणि दुसऱ्या हाताचा ठोसा त्याच्या चेहऱ्याकडे जातो. आधी अडवणं आणि मग मारणं असे दोन टप्पे इथे नाहीत. कोपर मधल्या रेषेवर असेल तर समोरच्याचा जोर हातावरून घसरून जातो. कोपर चार बोटं बाहेर असेल तर तोच हात कोसळतो आणि ठोसा आपल्याला लागतो. बोंग साऊमध्ये कोपर उंच जातं. तो आकार फक्त क्षणभरासाठी असतो. फॉर्ममध्ये तो सुंदर दिसतो म्हणून कुणी लढताना धरून ठेवला, तर बरगड्या उघड्या पडतात. सावकाश सरावात जे कोपर जागेवर राहिलं, तेच घाईत राहतं. म्हणून फॉर्म हवा. आणि ते घाईत राहिलं का, हे फॉर्ममध्ये कधीच कळत नाही. म्हणून जोडीदार हवा.

या तपासणीची हाँगकाँगला मोठी परंपरा आहे. 1953 च्या नाताळात शाम शुई पोला लागून असलेल्या शेक किप मेई वस्तीला आग लागली आणि सुमारे 53,000 माणसं बेघर झाली. त्यांच्या मदतनिधीसाठी 17 जानेवारी 1954 रोजी मकाऊमध्ये एक लढत झाली. एका बाजूला ताई ची शिकवणारे, पन्नाशी ओलांडलेले वू गोंगयी. दुसऱ्या बाजूला श्वेत क्रौंच शैलीचे, त्यांच्याहून कितीतरी तरुण चान हाक फू. दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि कुणालाही विजयी ठरवलं नाही. तिची फिल्म आजही पाहायला मिळते. फॉर्ममधली डौलदार ठेवण त्यात फारशी दिसत नाही. धावून जाणारे, हात फिरवणारे दोन गंभीर पुरुष दिसतात. शहर या लढतीने इतकं भारावलं की तीनच दिवसांनी एका वृत्तपत्रात लिआंग यूशंग यांची युद्धकलेवरची कादंबरी क्रमशः सुरू झाली. पुढच्या वर्षी जिन योंग लिहू लागले, आणि त्या कादंबऱ्यांनी चिनी वाचकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या.

त्याच दशकात विंग चुनची तरुण मुलं इमारतींच्या गच्च्यांवर इतर शैलींच्या मुलांशी भिडत होती. आधी मुष्टियुद्ध शिकलेले वाँग शुन लेउंग त्यांत सगळ्यांत नावाजलेले. ब्रूस ली या शाळेत आला, तेव्हा त्याच्या शिक्षणात त्यांचा मोठा वाटा होता. त्या गच्च्यांवरच्या मारामाऱ्यांचं मला कौतुक नाही. त्यात मुलं जखमी होत, आणि तसं पुन्हा व्हावं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मानावी लागते. त्या पिढीला आपल्या हातांतलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे ठाऊक होतं.

ही तपासणी थांबली की काय होतं, तेही आपण पाहिलं. 2017 मध्ये छंगदू इथे शू शियाओदोंग या मिश्र युद्धकला लढवय्याने ताई ची शिकवणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांत खाली पाडलं. ती चित्रफीत जगभर फिरली. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर विंग चुनचा एक शिक्षकही हरला. आमच्या वर्गात त्यावर बराच वेळ बोलणं झालं. काहींना तो परंपरेचा अपमान वाटला. मला वाटलं, ती परंपरेला आलेली आठवण आहे. फॉर्म खोटे नव्हते. ते वर्षानुवर्षं फक्त मान डोलावणाऱ्या शिष्यांसमोर केले गेले होते, आणि विरोध न करणाऱ्या हातावर कुठलाही डाव चालतोच. आमच्या सिफूंनी त्यानंतर हातमोजे आणि शिरस्त्राणं आणली. आठवड्यातून एकदा मुष्टियुद्ध येणारा एक तरुण येतो आणि मोकळेपणाने ठोसे मारतो. त्याच्यापुढे माझ्या तान साऊला जेमतेम एखाद्याच वेळी वाट सापडते. ती एक वेळ मला बाकीच्या संध्याकाळच्या फॉर्मपेक्षा जास्त शिकवते, आणि दुसऱ्या दिवशी मी तोच फॉर्म अधिक आस्थेने करते.

इप मॅन यांनी 1972 मध्ये, आजारी असताना, घरात आपल्या हालचालींचं चित्रीकरण करू दिलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. त्या छोट्या फिल्ममध्ये कृश झालेला एक म्हातारा माणूस लाकडी ओंडक्याच्या हातांमधून वाट काढतो आहे. जगभरचे लोक ती फिल्म थांबवून, पुढे मागे करून प्रत्येक कोन तपासतात. ती अनमोल आहेच. पण ज्या माणसाने ती ठेव मागे ठेवली, त्याने स्वतः हाँगकाँगला आल्यावर जुनी परिभाषा सोडली आणि शिकवणीला इथल्या कामगारांच्या हातात बसेल असा आकार दिला. त्याच काळात पुरलेला खांब भिंतीजवळच्या पट्ट्यांवर आला. घर सोडून आलेल्या माणसाने जपणूक कशी करावी, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. गावाहून आणलेलं काय टिकणार आणि काय बदलावं लागणार, हे घरात बसून ठरत नाही. नव्या जागेतल्या माणसांशी संबंध आला, त्यांचा दाब जाणवला, की ते ठरतं. भाषा, सण, मुलांचं वाढवणं, सगळ्याला हे लागू आहे असं माझं मत बनत चाललं आहे.

नव्याने इथे आलेली मराठी मंडळी कधी कधी विचारतात, मुलांना कुठल्या वर्गात घालू? भिंतीवरचे फोटो, प्रमाणपत्रं, वंशावळ हे सगळं पाहा, त्याला मान आहे. पण त्या दिवशीचा फॉर्म संपेपर्यंत थांबा. त्यानंतर जोड्या लागल्या, हातांना हात टेकले आणि शिक्षक स्वतःचाही हात पुढे करत असतील, तर मुलांना निःशंकपणे तिथे पाठवा.