त्या यानात आपले कोणी नाही का?

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने दूरचित्रवाणीवरील एका विदेशी मालिकेचे वेड कबूल करावे, हे काही जणांना शोभणार नाही. पण ते वेड मला होते आणि आजही आहे. मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शन ती रविवारी सकाळी दाखवीत असे. तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो. अमळनेरला आमच्या गल्लीत एकाच घरी संच होता. त्या घरी आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसत असू. चित्र पुसट झाले, की कोणी तरी धाब्यावर चढून अँटेना फिरवी आणि खालून सारे ओरडत, “अजून थोडी!”

‘एंटरप्राइज’ नावाचे यान ताऱ्यांमधून हिंडते, एवढीच त्या मालिकेची कथा. तिच्यातले खडक पुठ्ठ्याचे वाटत. माणसे एका तेजात विरघळून क्षणार्धात ग्रहावर उभी राहत. ही युक्ती म्हणे काटकसरीतून सुचली. दर आठवड्याला यान उतरताना दाखविणे फार खर्चाचे होते! मला खरी गोडी होती ती स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांच्या वादाची. स्पॉक तर्काने चाले, डॉक्टर अंतःकरणाने. आणि कप्तान कर्क दोघांचे ऐकून घेऊन मग निर्णय देई. शिक्षकांच्या सभांतून असे वाद मी पुष्कळ पाहिले. असे कप्तान मात्र थोडे. अलीकडच्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांत स्फोट फार आणि बोलणे थोडे. ते मला रुचत नाहीत.

यानावर नाना देशांची माणसे होती. उहुरा ही आफ्रिकी वंशाची स्त्री, सुलू आशियाई वंशाचा, तर चेकॉव्ह रशियन. अमेरिका आणि रशिया यांचे हाडवैर असलेल्या त्या काळात हे धाडसच होते. एका रविवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाने हळूच विचारले, “सर, त्या यानमा आपला कोनी नही का?”

मी निरुत्तर झालो. भारतीय म्हणून एक पात्र होते, खान नूनियन सिंग. १९६७ मधील एका भागात आलेले. पण तो खलनायक, आणि त्याचे काम करणारा नट मेक्सिकोचा! हे त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे?

सोमवारी मी जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह वर्गात नेला. त्यातली ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती. आपलीच आद्याक्षरे उलटी करून! तिला पहिले पारितोषिक मिळाले. ही गंमत ऐकून सारा वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याने पुस्तक मागून घेतले आणि दोन महिने परत केले नाही. मीही मागितले नाही.

आमच्या गावी मंगळ ग्रहाचे मंदिर आहे; मंगळवारी तेथे दूरदूरचे लोक येतात. २४ सप्टेंबर २०१४ या बुधवारी सकाळी भारताचे यान मंगळाच्या कक्षेत शिरले. मी दूरचित्रवाणीसमोरच होतो. तोच दूरध्वनी वाजला. पलीकडे तो मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, “सर, यानमा कोनी नही, पन यान आपलं शे!”