गड, कायदा आणि उद्याचा अधिकारी

आज रात्री वारशाच्या नोंदी पुन्हा वाचल्या. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. किल्ले १२; त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. परीक्षेपुरतं एवढं पुरेल, पण मन तिथे थांबत नाही.

साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. बाकीचे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. वारसा एक, राखणदार दोन. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी सक्तीची. वहीत ही एक ओळ आहे. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावर मात्र हाच आकडा एखाद्याच्या अंगणातून जातो. त्याला घराची डागडुजी करायची असते, मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची असते.

तटबंदीही टिकली पाहिजे आणि तिच्या सावलीतली चूलही. कठीण काम आहे ते हेच.

राज्यघटनेचा अनुच्छेद ४९ स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर टाकतो, तर ५१ क मधलं कर्तव्य प्रत्येक नागरिकावर. या दोहोंच्या मधे उद्या आपल्यापैकीच कुणी अधिकारी म्हणून बसेल. म्हणून अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : किल्ल्यांची यादी पाठ कराच, पण एकदा गडावर जाऊन तिथे राहणाऱ्यांशी बोला. धोरण कळतं ते तिथे.