बांधलेली बोट

पहिल्या दिवशी आमची बोट हललीच नाही.

सहलीच्या कागदावर ते छापलेलं होतं, ‘अस्वान, मुक्काम बोटीवर’. पण सहलीचा कागद माणूस लग्नपत्रिकेसारखा वाचतो: पोचायचं कसं आणि जेवण कधी. मुंबईहून कैरो, कैरोत अर्धी रात्र, पहाटे पुन्हा विमान, एवढी यातायात करून दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही चौघं नाईलच्या धक्क्यावर उतरलो. अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, “सुटणार कधी?” उद्या दुपारी, असं कळल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला बंद पडलेल्या एसटीत आणून बसवलं होतं.

अस्वानला बोटी धक्क्याला एकामागोमाग लागत नाहीत. एकीला एक खेटून लागतात, चार-चार, पाच-पाच. आमची चौथी. म्हणजे आधीच्या तिघींच्या दिवाणखान्यांतून चालत जायचं. वाड्यात परसदारी जायला जशी तीन बिऱ्हाडांची पडवी तुडवावी लागते, तसंच. पहिल्या बोटीत पितळी कठडे आणि झुंबर, दुसरीत कुणाच्या तरी बॅगांचा ढीग, तिसरीत तळलेल्या कांद्याचा वास. आई प्रत्येक काउंटरवरच्या माणसाला हात जोडत गेली. लोकांच्या घरातून जातोय, तर तेवढं करायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

आमच्या बोटीवर स्वागताला गार, लालभडक सरबत आलं. करकडे म्हणतात त्याला. आईनं एक घोट घेतला, पेला उजेडात धरला आणि निकाल दिला, “अगं, लाल अंबाडीची बोंडं आहेत ही.” खरंच तीच. पंचाहत्तरीला टेकलेली, पहिल्यांदा परदेशी आलेली बाई. तिला आल्याआल्या ओळखीचं कुणीतरी भेटलं. पुढं जेवताना आणखी एक भेटलं. टोपलीत टम्म फुगलेल्या, कोंड्याच्या पोळ्या होत्या. त्यांना काय म्हणतात, विचारलं, तर वाढणारा म्हणाला, “ऐश.” अरबीत ऐश म्हणजे जगणं, हिंडत-फिरत फारसीतून आपल्याकडं आलेली ‘ऐष’ तीच. इजिप्तच्या लोकांनी तो शब्द भाकरीला दिला आणि आपण चैनीला. कोण शहाणं, हे पोटभर जेवून झाल्यावर ठरवणं अवघड होतं.

खोलीला भिंतभर खिडकी होती. पडदा ओढला, तर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीची तशीच खिडकी आणि तीत बनियनवरचे एक गृहस्थ दात घासत उभे. त्यांनी मान लववली, आम्हीही लववली. नाईलचं पहिलं दर्शन हे असं.

दुपारी बसनं आधी मोठं धरण. अस-सद्द अल-आली. 1960 साली काम सुरू झालं, 1970 साली संपलं. सोव्हिएत पैसा आणि सोव्हिएत इंजिनिअर. उंची 111 मीटर, लांबी पावणेचार किलोमीटरच्या वर. शेजारी दोन देशांच्या मैत्रीचं कमळाच्या आकाराचं उंच स्मारक. प्रवाशांना इथं पंधरा मिनिटं देतात, त्यांतली दहा फोटोत जातात, आणि खरं सांगायचं तर पाहण्यासारखं फारसं नाही: एका बाजूला सुदानात शिरणारा सुमारे 500 किलोमीटरचा निळा तलाव, दुसऱ्या बाजूला बारीक झालेली नदी. न दिसणारी गोष्ट मोठी आहे. हजारो वर्षं इथिओपियातल्या पावसानं दर उन्हाळ्याच्या शेवटी नाईलला पूर यायचा, शेतांवर काळा गाळ पसरायचा आणि त्यावर या देशाचं पोट आणि पंचांग दोन्ही चालायचं. 1964 नंतर तो पूर आलेला नाही. वीज मिळाली, बारमाही पाणी मिळालं, दुष्काळाची धास्ती गेली.

“मग गाळ कुठं जातो?” आईनं विचारलं.

मी भाषांतर केलं. गाईडला हा प्रश्न अपेक्षित नसावा. ममी आणि फारोंवरचे प्रश्न त्याला तोंडपाठ. “धरणातच बसतो,” तो म्हणाला, “शेतकऱ्याला आता खत विकत आणावं लागतं.”

“आमच्याकडं पण,” आई म्हणाली आणि गप्प झाली.

आईचं माहेर भीमेकाठचं, इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा गावठाण, विहिरी, चिंचा सगळं खाली गेलं. माणसांना वर माळावर घरं बांधावी लागली. माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की ती नव्या गावाचं नाव सांगते, पण सांगण्याआधी किंचित थांबते. त्या टापूतलं पळसदेवचं जुनं देऊळही त्याच पाण्यात आहे. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं आणि मग पुण्याची माणसं गाड्या काढून फोटो घ्यायला जातात. आई कधी गेली नाही.

हे सगळं माहीत असून फिली पाहायला जाताना मला ते आठवलं नव्हतं. लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

फिली म्हणजे इसिसदेवीचं देऊळ. मोटारबोटीनं जावं लागतं. इंग्रजांनी 1902 साली अस्वानला पहिलं धरण बांधलं, पुढं दोनदा उंच केलं आणि वर्षातले कितीतरी महिने हे देऊळ पाण्यात राहू लागलं. लोक होड्यांतून खांबांच्या मधून हिंडत. भिंतींवरचे रंग धुऊन गेले. मग मोठं धरण आल्यावर या दोन धरणांच्या मधल्या पाण्यात ते कायमचंच अडकणार, म्हणून 1970 च्या दशकात युनेस्कोच्या पुढाकारानं बेटाभोवती पोलादी बांध घालून पाणी उपसलं, देवळाचे सुमारे 40 हजार तुकडे केले आणि शेजारच्या, जरा उंच अगिल्किया बेटावर पुन्हा जोडले. बेटसुद्धा कोरून-भरून जुन्यासारखं केलं. 1980 साली देऊळ नव्या जागी उघडलं. उजनीचं धरण पुरं झालं, तेही 1980 साली.

चित्रलिपीतला आज माहीत असलेला शेवटचा लेख याच देवळात आहे, इसवी सन 394 मधला. गाईड त्याविषयी तन्मय होऊन सांगत होता आणि चिरंजीव ऐकतही होते. आई मात्र एका खांबाशी उभी होती. खांबावर तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक काळपट आडवी रेघ होती. पाण्याची. खाली दगड थोडा गुळगुळीत, वर थोडा खरखरीत. ती रेघ पुढच्या खांबावर, त्याच्या पुढच्या खांबावर, सुतात धरल्यासारखी सरळ गेली होती. देऊळ हलवलं, तुकडेन् तुकडे उचलून आणलं, पण रेघ त्याच्याबरोबर आली.

“यांनी देऊळ काढलं बाहेर,” ती म्हणाली. मग गाईडकडं वळून, थेट मराठीतच, “आणि माणसं?”

हा प्रश्न त्याला भाषांतराशिवाय कळला असावा. धरणाच्या तलावात नूबियन लोकांची गावंच्या गावं बुडाली. एकट्या इजिप्तमधली सुमारे 50 हजार माणसं 1963-64 मध्ये हलवावी लागली. कुठं नेली? “कोम ओम्बोकडं,” तो म्हणाला. “उद्या आपली बोट तिथं थांबेल.” आमच्या कागदावर कोम ओम्बोपुढं फक्त ‘मगरदेवाचं मंदिर’ असं लिहिलं होतं.

संध्याकाळी वरच्या डेकवर चहा होता. समोर एलेफंटाइन बेटाचे काळे, गोलमटोल दगड पाण्यात डुंबणाऱ्या हत्तींसारखे पडलेले. फलुका नावाच्या होड्यांची तिरकी पांढरी शिडं त्यांच्या मधून सरकत होती, आवाज न करता. चिरंजीवांना एका खलाशानं गंमत सांगितली होती: नदी वाहते उत्तरेला आणि वारा सहसा येतो उत्तरेकडून. खाली जाताना शीड गुंडाळायचं, वर येताना उघडायचं. प्राचीन लिपीत दक्षिणेला प्रवास दाखवायला उघड्या शिडाची नाव काढत, उत्तरेला बिनशिडाची. आता तो प्रत्येक फलुकेकडं पाहून दिशा ओरडत होता. बोट न सुटल्याचं दुःख संपलं होतं.

पलीकडच्या तीरावर वाळूच्या टेकडीवर एक कबर दिसत होती, एकटी, नेटकी. तिसरे आगा खान तिथं आहेत. पुण्यात आगा खान पॅलेस बांधणारे तेच. नवऱ्यानं हे कळल्याबरोबर पुण्यातल्या तिघांना फोटो पाठवून दिला. पुणेकराला परदेशात पुणं सापडलं, की त्याचे पैसे वसूल होतात.

आईनं मात्र बटव्यातून दहा रुपयांचं नाणं काढलं होतं. रेल्वे भीमेवरून जाताना ती अजून नाणं टाकते. बराच वेळ ते मुठीत धरून ती कठड्याशी उभी राहिली, पाण्याकडं पाहत. मग परत बटव्यात ठेवू लागली.

“टाक की,” मी म्हटलं.

“बांधलेल्या बोटीतून काय टाकायचं? उद्या कोम ओम्बोला टाकीन.”

रात्री झोप लागते न लागते तोच खोली सरकल्यासारखी वाटली. आई उठून बसली. “निघालो वाटतं.” मी पडदा बाजूला केला. सरकत होती ती शेजारची बोट. तिच्या खिडक्या एकेक करून पुढं गेल्या. एकीत बनियनवाले गृहस्थ झोपलेही असतील. शेवटचा दिवा गेला आणि त्या जागी एकदम नदी आली. काळी, रुंद, पलीकडच्या दिव्यांच्या लांब रेघा ओढलेली.

“शेजारी गेले,” मी म्हटलं.

आई आडवी झाली. दोन पलंगांच्या मधल्या टेबलावर तिनं चष्मा, गोळ्यांची डबी आणि ते नाणं ठेवलं होतं. बोटीचं जनरेटर रात्रभर चालू होतं आणि त्याच्या थरथरीनं नाणं काचेवर बारीक वाजत राहिलं.